दोनशे चार दिवसांची शिल्लक

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून नोकरी शोधणार. खरं म्हणजे नोकरीनेच मला शोधत यायला हवं होतं, पण हल्ली कोणालाच शिस्त उरलेली नाही.

परिस्थिती लिहून ठेवतो. एकाच कारखान्यात सतरा वर्षं रजा विभाग सांभाळला. विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि एक लाल पेन. चारशे कामगार होते आणि माझ्या सहीशिवाय त्यातल्या एकालाही ताप येत नसे. गेल्या महिन्यात मालकांनी रजेचं काम मोबाईलवर टाकलं. आता म्हणे माणूस अंथरुणातूनच बटण दाबतो आणि रजा मंजूर. मला निरोपाचं पत्र आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पाच मिनिटं मागे आहे.

आजारपणाची रजा वर्षाला बारा दिवस. मी सतरा वर्षांत एकही घेतली नाही. शिल्लक दोनशे चार. साहेबांना विचारलं, या दिवसांचं काय? ते म्हणाले, सिक लीव्ह लॅप्स होते. हे वाक्य मीच सतरा वर्षं लोकांना सांगत आलो, पण ते लोकांसाठी होतं.

रजेचं कार्ड मी बरोबर आणलं आहे. शिक्का कंपनीचा, सही माझीच. हे दोनशे चार दिवस कोणतीही शहाणी कंपनी आनंदाने पुढे ओढून घेईल.

संकल्प: पंधरा दिवसांत नोकरी, आणि तीही माझ्या अटींवर.

३ मार्च, मंगळवार

डाव्या जांघेत गाठ आली आहे. लिंबाएवढी. उभं राहिलं की येते, आडवं झालं की जाते. माझ्या मते गॅस.

याला कारण मेहुणा. ते लोखंडी कपाट कंपनी भंगारात काढणार होती, मी मागून घेतलं. जिन्यावरून चढवताना वरचं टोक मी धरलं होतं, खालचं या शहाण्याने. मध्येच त्याचा मोबाईल वाजला आणि त्याने एक हात सोडला. कपाट माझ्या अंगावर आलं. फोनवर कोण होतं, तर कोणी नाही, राँग नंबर.

डॉक्टर म्हणाले, हर्निया. महिन्याभरात ऑपरेशन करून टाका, नंतर दोन आठवडे विश्रांती. वजन उचलायचं नाही. आतडं अडकलं तर मग तारीख तुम्ही ठरवणार नाही, ते ठरवेल, असंही म्हणाले. लोकांना घाबरवल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसावं.

विमा नोकरीबरोबर गेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून विमा आणि रुजू झाल्या झाल्या आजारपणाची रजा देणारी नोकरी हवी. बायको म्हणाली, मिळेल ती घ्या, पण लवकर घ्या. तिचा चेहरा उतरला होता. तिला व्यवहार कळत नाही. दिवसभर पडदे शिवते, तेवढंच तिचं जग.

४ मार्च, बुधवार

डॉक्टरांचं सर्टिफिकेट परत पाठवलं. तारीख नाही, सही वाचता येत नाही, 'विश्रांतीची गरज आहे' असं मोघम लिहिलंय. किती वाजेपर्यंत? कोणत्या कुशीवर? लाल पेनाने तीन ठिकाणी गोल करून बायकोच्या हाती दिलं.

ती सर्टिफिकेट तसंच घेऊन परत आली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे की पेशंटची गाठ नक्की कुठे आहे, खाली की डोक्यात.

चूक दाखवली की माणूस चिडतो. सतरा वर्षांचा अनुभव आहे.

५ मार्च, गुरुवार. दुपारी ३

पहिला इंटरव्ह्यू. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी. खुर्चीला चाकं. बसल्याबरोबर मी दीड हात मागे गेलो आणि भिंतीला टेकलो. उमेदवाराला असं भिंतीला लावायची ही युक्ती मी ओळखली.

समोर एचआरची मुलगी. वय असेल चोवीस. म्हणाली, स्वतःबद्दल सांगा. मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा. मग एकतीस प्रश्नांची यादी काढली. काल बसून केली होती. पहिला प्रश्न: आजारपणाची रजा किती? दुसरा: अर्धा दिवस आजारी पडता येतं का? तिसरा: जुन्या कंपनीतली दोनशे चार दिवसांची शिल्लक इथे कोणत्या रकान्यात चढवणार?

ती हसली. मला वाटलं कौतुकाने. मी कार्ड दाखवलं. तिने आणखी दोघांना बोलावून कार्ड दाखवलं. एकाने फोटोही काढला. सतरा वर्षांत एकही दिवस आजारी न पडलेला माणूस त्यांनी पाहिलेला नसणार.

नवव्या प्रश्नाला ती म्हणाली की वेळ संपली. सगळं बोलणं विमा आणि रजेवरच झालं, कामाविषयी तिने एक अक्षर विचारलं नाही. इतका निष्काळजीपणा! तरी निवड होईल.

६ मार्च, शुक्रवार

नाही झाली. ईमेलमध्ये शुभेच्छा आहेत. 'शुभेच्छा'तला 'च्छ' चुकलाय. अशा कंपनीत मी तरी कसा टिकलो असतो.

८ मार्च, रविवार

शहाणा मेहुणा आला होता. भाऊजी, मी तुमची तयारी करून घेतो, म्हणाला. आमच्याच खुर्चीत साहेबासारखा पाय पसरून बसला आणि मला स्टुलावर बसवलं. स्वतः आजवर सहा नोकऱ्या सोडल्यात. सोडल्यात म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

त्याचं म्हणणं असं की ऑफर लेटर हातात पडेपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही. पहिल्याच भेटीत रजा विचारली की समोरच्याला वाटतं, हा काम करायला नाही, झोपायला येतोय. आधी लेटर, मग हळूच एक प्रश्न. भाऊजी, एकच, एकतीस नाही.

मी म्हटलं, लपवाछपवी माझ्या रक्तात नाही. तो म्हणाला, मग हर्निया सांगितलात का पंपवाल्यांना? मी म्हटलं, तो हर्निया नाही, गॅस आहे. आतून बायको म्हणाली की डॉक्टरांनी दिलेली मुदत काही गॅसची नाही. दोघं बहीणभाऊ एक झाले. घरात मी एकटा पडतो ते असं.

भांडण वाढलं. बायको बोलून गेली की कारखान्यातले लोक मला पाठीमागे लाल पेन म्हणायचे, आणि भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांनी ते तिला ऐकवलंय. मला ठाऊक होतं. प्रेमाने म्हणायचे.

माणुसकी काय असते ते मला शिकवू नये कोणी. एक उदाहरण लिहूनच ठेवतो. पॅकिंग खात्यातला एक मुकादम. पाच-सहा वर्षं झाली. वडील आजारी म्हणून दोन दिवस आजारपणाची रजा मागत होता. मी विचारलं, आजारी कोण? तो म्हणाला, वडील. मी म्हटलं, ते आपल्या पटावर आहेत का? नाहीत. मग त्यांच्या तापासाठी तुम्ही कसे आजारी? अर्ज परत. दुसऱ्या दिवशी तो कामावर असतानाच निरोप आला, वडील गेले. तेव्हा मृत्यूची तीन दिवसांची रजा मी एका मिनिटात मंजूर केली. दाखला मागाहून आणा म्हटलं. तो मुकादम आजही माझं नाव काढत असेल.

९ मार्च, सोमवार

गाठ आता मोठ्या लिंबाएवढी. शिंक आली की तिथे हात धरावा लागतो, नाहीतर जीव जातो. घरात ठीक आहे. बाजारात शिंकलो तर एक बाई पिशवी सावरून चार पावलं लांब गेली.

संकल्प: पुढच्या इंटरव्ह्यूत रजेचा र काढणार नाही. शहाण्याचं ऐकून नव्हे. हे मला आधीच सुचलं होतं.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना. सगळीकडे कागदाचा भुसा. समोर तिघं, त्यात एक पोक्त बाई.

वीस मिनिटं मी रजेचं नाव काढलं नाही. काम समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. बाई म्हणाल्या की तुमच्यासारखा नेटका माणूस आम्हाला हवाच होता. मग सहज विचारलं, तब्येत कशी असते? मी म्हटलं, लोखंड. आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात भुशाने शिंक आली. हात आपोआप जागेवर गेला. दुसरी शिंक. तिसरी. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. एका साहेबांनी विचारलं, काही त्रास आहे का? मी म्हटलं, छे, गॅस. ते म्हणाले, गॅस तिथे? आता खुलासा करणं भागच होतं. म्हणून म्हटलं, समजा, नुसतं समजा, की एखाद्याला हर्निया असता आणि त्याला रुजू झाल्यावर आठव्या दिवशी ऑपरेशन करायचं असतं, तर तुमचा विमा काय म्हणाला असता? मग विषय निघालाच आहे म्हणून यादी काढली.

सतराव्या प्रश्नावर बाईंनी स्वतः उठून दार उघडलं. दारात म्हणाल्या की आधी बरे व्हा, मग बघू.

बरं व्हायला नोकरी हवी आणि नोकरीला बरं असायला हवं. हे कोणा मूर्खाने ठरवलंय? मी असतो तर अर्जच परत पाठवला असता.

घरी बायकोने फक्त, विचारलंत ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, त्यांनी विचारलं. तिने शिलाईचं मशीन जोरात चालवायला घेतलं.

१५ मार्च, रविवार

पंधरा दिवसांच्या संकल्पाची मुदत उद्या संपते. ती महिन्याअखेरपर्यंत वाढवून घेतली. अर्ज माझा, मंजुरी माझी. लाल पेनाने सही केली. बरं वाटलं.

दुपारी दुखलं. कपाळावर घाम आला. आडवा झालो तरी गाठ आत जाईना, बराच वेळ. बायको शेजारी बसून होती. मग गेली. गाठ.

मी घाबरलो नव्हतो. घामाचं कारण उकाडा.

१७ मार्च, मंगळवार. रात्री जेवणानंतर

तिसरा इंटरव्ह्यू. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी. वजन उचलायचं नाही म्हणून फायलींची पिशवी घेऊन बायको बरोबर. तिला बाहेर रिसेप्शनमध्ये बसवलं. तिथे टेलिफोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं. तिथली बाई गेल्या आठवड्यात नोकरी सोडून गेली म्हणे. गलथान कारभार.

आत गेलो. टेबलामागे कोण? पॅकिंगचा मुकादम! डोक्यावरचे केस गेलेत, पण तोच. आता इथे कामगार खात्याचा प्रमुख. माझा जीव भांड्यात पडला. ओळखीचा, त्यात उपकृत.

त्याने बसा म्हटलं. पाणी दिलं. मग म्हणाला, माझ्या अर्जावर तुम्ही वडील या शब्दाभोवती लाल गोल केला होता. मी म्हटलं, वा, स्मरणशक्ती चांगली आहे तुमची! आणि हेही सांगितलं की मृत्यूची रजा मात्र एका मिनिटात दिली होती, तेही आठवत असेल. तो म्हणाला, आठवतं. मग त्याने मला दिलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. गोंधळला असेल बिचारा.

इतक्या ओळखीवर यादी काढायला हरकत नव्हती. चौदावा प्रश्न: घरच्यांच्या आजारपणाला रजा मिळते का? मिळते म्हणाला. पाच दिवस. कागद मागत नाही. नियम मीच करून घेतला, आल्या आल्या.

मी त्याला सावध केलं. असा नियम ठेवलात तर निम्म्या लोकांच्या आया आजारी पडतील. तो म्हणाला, चार वर्षांत दोघांनी फसवलं. चालायचंच. मी म्हटलं, चालायचंच म्हणून कारखाना चालत नाही, इथे कडक माणूस हवा, आणि तो तुमच्या समोर बसलाय. दोनशे चार दिवसांचं कार्डही दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, हे सगळे दिवस तुम्ही कशासाठी ठेवलेत?

प्रश्न जरा विचित्र होता. मी कार्ड परत घेत असताना तो म्हणाला, कळवतो.

बाहेर आलो तर बायको रिसेप्शनच्या टेबलामागे! आलेले फोन घेऊन कागदावर निरोप लिहीत होती. म्हणाली, सारखा वाजत होता, कानाला बरं वाटेना. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्याची खोड. मी ओरडलो, दुसऱ्याच्या ऑफिसात लुडबुड करू नये, माझं ठरलेलं काम बिघडेल. मुकादम दारात उभा राहून ते निरोप वाचत होता.

१९ मार्च, गुरुवार. सकाळी १०.२०

आला! झाकणवाल्यांचा फोन! मीच उचलला. तिकडून बाई म्हणाल्या की निवड झाली आहे, सोमवारी रुजू व्हायचंय. मी म्हटलं, स्वीकारतो, पण आधी काही प्रश्न आहेत. त्या म्हणाल्या, मॅडम आहेत का? मी विचारलं, कोण मॅडम?

१०.४०

फोन बायकोसाठी होता.

११.१५

रिसेप्शनसाठी. तिने अर्जही केला नव्हता. ही कसली पद्धत?

तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं, आभार मानले. लेटर येऊ द्या म्हणाली. 

रात्री ९

संध्याकाळी लेटर आल्यावर तिने परत फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, की माझ्या मिस्टरांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, ते तुमच्या विम्यात बसेल का? बसेल म्हणाले. पहिल्या दिवसापासून, घरच्यांसकट.

एक प्रश्न. शहाण्याने शिकवलेला. मी तिला यादी देऊ केली होती, उरलेले तीस विचार म्हणून. तिने ती घडी करून मशीनच्या डळमळत्या पायाखाली सरकवली. मशीन आता हलत नाही.

२३ मार्च, सोमवार

बायको कामावर गेली. डबा तिचा तिने भरला. मला म्हणाली, काही उचलू नका. मी काय उचलणार? घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं मागे.

विम्याचा फॉर्म घरी आणलाय तिने. त्यात एक रकाना आहे, आश्रित व्यक्ती. त्यात माझं नाव. खाली नातं: पती. व्यवसाय: तिने रिकामा सोडलाय. मी लिहिलं, रजा तज्ज्ञ. तिने खोडरबरने पुसलं.

२५ मार्च, बुधवार

शुक्रवारी ऑपरेशन. तिला रजा घ्यावी लागेल. तीनच दिवसांची नोकरी! मी सांगितलं, नवीन माणसाला रजा मिळत नाही, मी कधीच दिली नसती. ती म्हणाली, तुमच्याकडे कोण मागतंय. तरी अर्ज लिहून दिला मी, नमुन्यात. सर्टिफिकेट जोडणार होतो, पण डॉक्टर दुसरं द्यायला तयार नाहीत. जुनं, लाल गोल केलेलंच आहे.

ती अर्ज तिच्या पद्धतीने लिहून गेली. पतीचं ऑपरेशन, दोन दिवस. एवढंच. नामंजूर होणार. मुकादम माणूस आहे, सूड घेणारच. मीही घेतला असता.

२९ मार्च, रविवार. घरी, पलंगावर

ऑपरेशन झालं. चार टाके. भूल देणाऱ्याने विचारलं, घरी कोण कमावतं? असले प्रश्न टेबलावर झोपवून विचारतात.

हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. हसण्याची अडचण नाही. शहाणा भेटायला आला, संत्री आणली आणि स्वतःच खाल्ली. भाऊजी, आता तुमची आजारपणाची रजा सुरू, म्हणाला. मी त्याला सुनावणार होतो, पण टाके ओढले.

बायको शेजारी बसून पडद्याला हाताने शिवण घालत होती. शुक्रवार, शनिवार गेले, आज रविवार. म्हणजे उद्या जायला हवं. मी म्हटलं, दोन दिवस संपले, उशीर करू नकोस, पहिल्याच आठवड्यात शेरा नको. ती म्हणाली, गुरुवारी जायचंय. मला धक्काच बसला. मी म्हटलं, दांडी मारतेस? तिने पर्समधून अर्ज काढून हातात दिला.

तिचाच अर्ज. पतीचं ऑपरेशन, दोन दिवस. खाली निळ्या शाईत मुकादमाचं अक्षर: दोन नको, पाच घ्या. आणि सही. तारीख आहे. सही वाचता येते.

मागितलेत दोन आणि मंजूर पाच. हे नियमात बसत नाही. मी तिला म्हटलं, माझं लाल पेन दे. तिने विचारलं, कशाला?

मुकादमाच्या त्या अर्जात वडिलांचं नाव होतं, वय होतं, कोणत्या दवाखान्यात ठेवलंय ते होतं. सगळं नीट भरलेलं. मी नुसती नजर फिरवली, वाचलं काहीच नव्हतं. फक्त रकाना पाहिला होता. आज दुपारभर ते नाव आठवून पाहिलं, आठवेना. वाईट वाटतंय. टाक्यांमुळे असेल.

बायको विचारते, दुखतंय का. हो म्हटलं. ती पाणी आणायला उठली. शिल्लक दोनशे तीन.